खिशातला फोन

मोबाइलवरची ॲपं तपासणं हा ज्यांचा धंदा आहे, त्यांच्या नात्यागोत्यातल्या माणसांनी आपापला फोन जरा सांभाळून ठेवावा. ही मंडळी चहाला म्हणून येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि बोलता बोलता तुमचा फोन उचलतात. ‘बघू जरा, कुठलं मॉडेल आहे?’ एवढंच विचारतात. फोन परत हातात येतो तेव्हा त्यातली अक्षरं दुप्पट मोठी झालेली असतात आणि तुम्ही कधी न मागितलेली दोन-तीन ॲपं आत येऊन बसलेली असतात.

किडेमास्तर त्यातलेच. सॉफ्टवेअरमधल्या चुकांना त्यांच्या धंद्यात किडे म्हणतात आणि ते वेचून काढण्यात यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की पुढे पुढे मोठे साहेबही मीटिंगमध्ये तोच शब्द वापरायला लागले. वय पंचेचाळिशीचं, पोट थोडं सुटलेलं, बोलण्याची भारी हौस. बायकोनं आपल्या फोनला असा काही पासवर्ड घातला होता की तो कधीकधी तिचा तिलाही आठवायचा नाही. सासूबाई तर जावई दारात दिसले की आधी फोन उशीखाली सरकवायच्या, मग ‘या’ म्हणायच्या. राहता राहिले बाबा.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. जन्म कारखान्याच्या बॉयलरपाशी गेला, पाळ्या करण्यात. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी बाबांच्या तोंडी अजून ड्युटी हाच शब्द. कपडे वाळत घालणं ही ड्युटी, औषध घेणं ही ड्युटी, रविवारी मुलगा जेवायला आला की त्याला वाढणं हीसुद्धा ड्युटीच. आई गेल्यावर मास्तरांनी ‘आमच्याकडे चला’ म्हणून जंग जंग पछाडलं. बाबांनी दाद दिली नाही. ‘तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. मी तिथे तरी कोणाशी बोलणार, तुझ्या फ्रीजशी?’ असं म्हणून विषय मिटवला.

तेव्हा मास्तरांनी बाबांच्या फोनमध्ये ‘हाक’ घालून दिलं. हे मास्तरांच्याच कंपनीचं ॲप, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी केलेलं. पडद्यावर एकच मोठं लाल बटण. ते दाबलं की शेजारच्यांचे फोन कर्कश वाजायला लागतात, नातेवाइकांना निरोप जातो आणि मदत केंद्रातून माणूस निघतो. बाबांच्या शेजारच्या काकूंचा नंबर त्यात घातला होता, त्यांच्याकडे घराची किल्लीही होती. मास्तर निर्धास्त झाले.

मग कुठून कुठून तक्रारी यायला लागल्या. लोक म्हणत, बटण दाबलं पण हाक गेलीच नाही. ऑफिसात शंभर वेळा दाबून पाहिलं, शंभर वेळा गेली. साहेब म्हणाले, म्हातारी माणसं, चुकीचं काहीतरी दाबत असतील. मास्तरांना ते पटेना. एका रविवारी त्यांनी बाबांचा फोन घेऊन बटण दाबलं आणि ढिम्म. काही नाही. आठवडाभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. ऑफिसातले फोन कायम टेबलावर, चार्जरला लावलेले, दर मिनिटाला कोणीतरी चाळवत असलेले. बाबांचा फोन दिवसभर सदऱ्याच्या खिशात गप्प पडलेला. इतका वेळ कोणी हात लावला नाही की जुना फोन बॅटरी वाचवायला म्हणून ॲपला झोपवून टाकायचा, आणि ते ऐन वेळी उठायचंच नाही. शोधलं कोणी, तर मास्तरांनी. आणि कुणाच्या जिवावर, तर बाबांच्या खिशातल्या त्या टवके उडालेल्या फोनच्या.

दुरुस्ती झाली. ती खरंच लागू पडली का हे बघायला तसाच फोन हवा, तसाच खिसा हवा आणि तसंच दिवसभर गप्प बसणारं माणूस हवं. मास्तरांनी बाबांच्या फोनमधलं खरं ‘हाक’ काढलं आणि तिथे चाचणीचं घातलं. दोन्ही एका फोनवर नांदत नाहीत, म्हणून एक काढावंच लागतं. दिसायला दोन्ही सारखीच, तेच लाल बटण. फरक एवढाच की चाचणीच्या बटणाची हाक शेजाऱ्यांकडे जात नाही, मदत केंद्राकडेही जात नाही. ती फक्त तपासणाऱ्याच्या फलकावर, म्हणजे त्याच्या पडद्यावरच्या नोंदींच्या यादीत, एक ओळ होऊन उमटते. ‘दोन-चार आठवड्यांचं काम आहे, मग पूर्ववत करून देतो,’ असं मास्तरांनी स्वतःशीच ठरवलं. बाबांना त्यांनी हे सगळं समजावलं नाही. मनात आलं तेव्हा दाबत जा, एवढंच सांगितलं.

बाबांना आयुष्यात नवी पाळी मिळाली. जिन्यात दाबून बघ, ओल्या हातानं दाबून बघ, दुपारची झोप झाल्यावर दाबून बघ. दाबलं की लगेच मुलाला फोन. ‘काय रे, आली का?’ मास्तर कामात असले तरी म्हणायचे, ‘आली बाबा, फर्स्टक्लास.’ इतका वेळ बापलेक आधी कधीच बोलत नव्हते. त्यामुळे दोन-चार आठवड्यांचे तीन महिने झाले ते कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी कुणाला ते मोडावंसं वाटलं नाही.

या धंद्यातल्या लोकांची एक चांगली रीत आहे. वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, शहरभरचे तपासनीस एका सभागृहात जमतात आणि ज्याला जे उमगलं असेल ते बाकीच्यांना सांगतो. कंपन्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत नसल्या तरी ही माणसं आपले किडे मोकळेपणानं दाखवतात. यंदा मुख्य भाषण किडेमास्तरांचं होतं. विषय, ‘टेबलावरचा फोन आणि खिशातला फोन’. आदल्या संध्याकाळी त्यांनी बाबांना कौतुकानं सांगितलं होतं की उद्या मोठ्या पडद्यावर तुमच्या फोनचा फलक दाखवणार, सगळं गाव बघणार. दहाला सुरू, अकराला संपेल, तोवर तुम्हाला सुट्टी. अकरानंतर हवं तेवढं दाबा.

पण कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तर तो कार्यक्रम कसला? प्रमुख पाहुणे उशिरा आले. माइकनं असहकार पुकारला. ज्या सभागृहात दोनशे तंत्रज्ञ बसले होते तिथे एका तंत्रज्ञाला लॅपटॉप पडद्याला जोडता येईना. मास्तर बोलायला उभे राहिले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

उभे राहिले मात्र, आणि सभा खिशात घातली. ‘आपण फोन तपासतो, माणूस तपासत नाही,’ म्हणाले. ‘आपला फोन टेबलावर सतत जागा असतो आणि आपण सगळेच फोन जागे समजतो. गिऱ्हाइकाचा फोन खिशात जागा आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि तो झोपलेला असतो.’ मागच्या रांगेतली पोरंसुद्धा लिहून घ्यायला लागली. बाबांची गोष्ट रंगात आली. माझ्याकडचं सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे माझा बाप, असं मास्तर म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी पाठीमागच्या पडद्यावरच्या फलकावर नवी ओळ उमटली. ‘बाबा. मदत हवी.’ शेजारी हिरवी खूण, निरोप पोचल्याची.

सभागृहात हशा पिकला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि तेही हसले. ‘घ्या! अकरानंतर दाबा म्हटलं होतं, माणूस वक्तशीर आहे. उशीर आपल्याला झालाय.’ आणखी हशा. ‘आणि बघा, सकाळपासून एकदाही दाबलेलं नाही. म्हणजे कित्येक तास फोन खिशात गप्प होता, तरी निरोप लगेच आला. दुरुस्ती कशी झालीय याचा याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच दुसरी ओळ आली. मग तिसरी. ‘बाबांना ओव्हरटाइम हवाय,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

इथे मास्तरांना दोष द्यायला हात शिवशिवतात, हे कबूल. पण तीन महिने रोज जी ओळ बघितली आणि रोज जिचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असाच निघाला, ती एका सकाळी वेगळी कशी दिसावी? फलकावर अक्षरं तीच होती. रंगही तोच.

भाषण अर्ध्यावर आल्यावर समोरच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. नुकतीच या कामाला लागलेली असावी, घाबरत घाबरत बोलली. ‘सर, बटण चाचणी म्हणून दाबलंय की खरंच, हे आपल्याला कसं कळतं?’

‘चांगला प्रश्न,’ मास्तर म्हणाले. हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. ‘बटणावरून कळत नाहीच. म्हणून तर दोन ॲपं वेगळी ठेवायची. खऱ्याची हाक शेजाऱ्यांकडे आणि मदत केंद्राकडे जाते. चाचणीची फक्त आपल्याकडे येते, तिच्यामागे कोणी धावत नाही. आणि म्हणून आपल्या धंद्यातला पहिला नियम लक्षात ठेवा. ज्याला खरंच गरज पडू शकते अशा माणसाच्या फोनमध्ये चाचणीचं ॲप कधीही…’

आणि ते थांबले.

लोकांना वाटलं, शब्द आठवत नाहीय. स्वतःचंच वाक्य मास्तरांनी मात्र पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी मागे पाहिलं. फलकावर पाच ओळी झाल्या होत्या. आणि बाबांचा ‘काय रे, आली का?’ म्हणून फोन आलेला नव्हता. एकदाही नाही.

त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. माइक चालूच होता, त्यामुळे पलीकडची घंटी सबंध सभागृहाला ऐकू जात होती. सुरुवातीला काही जण हसले, त्यांना हा प्रयोगाचाच भाग वाटला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा हसायला कोणी उरलं नव्हतं.

मग मास्तरांनी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्यांनी उचलला. त्या आपल्या शिवणाच्या दुकानात होत्या.

‘काकू, बाबांकडे बघून येता का जरा? त्यांनी बटण दाबलंय.’

‘अहो, ते तर रोजच दाबतात की! कालच मला सांगत होते, आज पाच वेळा ड्युटी केली म्हणून.’

‘काकू, पाया पडतो तुमच्या. आत्ता जा.’

त्या आवाजानं त्या चपापल्या. ‘बरं बरं, निघते. गिऱ्हाईक बसलंय, त्यांना सांगून निघतेच.’

मास्तरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, पेशंटला काय झालंय? माहीत नाही. शुद्धीवर आहेत का? माहीत नाही. तुम्ही त्यांच्याजवळ आहात का? नाही. मग तुम्हाला कसं कळलं? यावर मास्तर बटण, चाचणी, फलक असं काहीबाही सांगत सुटले. बाईंनी पत्ता घेतला आणि गाडी पाठवते म्हणाल्या.

तोवर व्यासपीठाभोवती गर्दी झाली होती. सगळी कामाची माणसं, फोनची नस अन् नस ओळखणारी. एक जण म्हणाला, फोन नेमका कुठल्या खोलीत आहे ते काढून देतो. दुसऱ्यानं सगळ्यात कमी गर्दीचा रस्ता शोधून दिला. तिसरा म्हणाला, चाचणीचा फलक मदत केंद्राला जोडता येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येकाला मनापासून काहीतरी करायचं होतं. आणि एवढ्या जाणत्या माणसांतून त्या चौथ्या मजल्यावर जाऊन दार उघडेल असा एकही नव्हता. संयोजकांनी टॅक्सी आणून उभी केली, तेवढं एकच काम उपयोगी पडलं.

टॅक्सीत मास्तर फोन मुठीत धरून बसले होते. सिग्नल लागला की ते ड्रायव्हरच्या मानेकडे बघायचे, जणू तोच लाल झालाय. बघायचं नाही म्हणून ठरवूनही नजर फलकावर जायची. सहावी ओळ आली. प्रत्येक ओळीपुढे तीच हिरवी खूण. पोचला, पोचला, पोचला. इतकी वर्षं ही खूण दिसली की त्यांना बरं वाटायचं. आता त्यांना फोन खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटत होता आणि तो हातातून सोडवतही नव्हता. पुढे पुलावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या.

‘घाई आहे का साहेब?’ ड्रायव्हरनं विचारलं.

‘वडील पडलेत बहुतेक.’

‘मग फोन करून विचारा ना.’

मग ओळी यायच्या थांबल्या, आणि ते येण्यापेक्षाही वाईट होतं.

काकूंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. किल्ली होती पण आतून साखळी लावलेली, वॉचमनला बोलावून ती तोडावी लागली. बाबा न्हाणीघराच्या दाराशी पडले होते, फोन खिशातून अर्धाच निघून अंगाखाली अडकलेला, बोट पोचत होतं ते फक्त लाल बटणापर्यंत. जिवंत आहेत, डोळे उघडे आहेत, पण डावीकडचं अंग हलत नाही आणि तोंड वाकडं झालंय. गाडी आली, घेऊन चाललेत. ‘मला कर्कश वाजलं असतं ना हो त्याच्यात? मागे एकदा वाजलं होतं तसं?’ काकूंनी विचारलं. ‘आज माझा फोन वाजलाच नाही.’

‘तुमची काही चूक नाही, काकू,’ मास्तर म्हणाले. मग त्यांनी इस्पितळाचं नाव विचारून घेतलं आणि टॅक्सी तिकडे वळवली.

इस्पितळात मास्तर पोचले तेव्हा बाबांना मेंदूचे फोटो काढून नुकतंच परत आणलं होतं. पलंगाशेजारी एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हातात ट्रे घेतलेली नर्स मागे तयारीत. बाबांनी मुलाकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडानं हसले. त्यांनी पलंगाची दांडी धरली.

‘तुम्ही मुलगा ना? नीट ऐका,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. चाललं तर हात-पाय बरेचसे परत येतील. पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. त्यानंतर दिलं तर उलट मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून मला वेळ सांगा. अंदाज नको, नक्की वेळ. हे सुरू केव्हा झालं?’

त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच मास्तरांना असं काही विचारलं गेलं होतं की ज्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. त्यांनी घाईघाईनं फोन पुढे केला. ‘साडेअकराच्या सुमारास. माझ्याकडे नोंद आहे, हे बघा, सेकंदासकट. त्यांनी बटण दाबलं तेव्हाची.’

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला. ‘छान. मग भरपूर वेळ आहे आपल्या हातात. सिस्टर, घ्या तयारीला.’

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्यांना वाटलं. देवाचे, दैवाचे, त्या हिरव्या खुणेचे, कुणाकुणाचे आभार मानू असं झालं.

‘नाही,’ बाबा म्हणाले.

शब्द जड येत होते, पण कळत होते. ‘साडेअकरा नाही. सकाळी. दात घासताना. पेपर… पडला नव्हता अजून.’

डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वाकल्या. ‘आजोबा, नक्की? पाय तेव्हाच गेला?’

‘पाय आणि हात. तेव्हाच.’

‘त्यांचा गोंधळ होतोय, डॉक्टर,’ मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. ‘त्यांना वेळेचं भान नाहीय. माझ्याकडे नोंद आहे ना. यंत्राची नोंद आहे. यंत्र कशाला खोटं बोलेल?’

‘तुमच्याकडे बटण दाबल्याची नोंद आहे,’ डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

‘गोंधळ नाही,’ बाबा म्हणाले. चाळीस वर्षं पाळीची वेळ न चुकवलेला माणूस, त्याला ते लागलं. ‘भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. बघतच होतो.’

‘मग दाबलं का नाही बाबा? फोन खिशात होता ना तुमच्या?’

बाबांना श्वास घ्यावा लागला. ‘वाटलं, मुंग्या आल्यात… जातील. आणि तुझं भाषण होतं. दहा ते अकरा. मोठ्या पडद्यावर… सगळ्यांसमोर मध्येच माझं नाव आलं असतं. तुझी पंचाईत झाली असती. अकरा वाजू दिले. वर अर्धा तास दिला. कार्यक्रम लांबतात.’

डॉक्टरीणबाईंनी आणखी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण तो नुसता सोपस्कार होता. मग त्या नर्सकडे वळून म्हणाल्या, ‘राहू द्या, सिस्टर. वेळ टळून गेलीय.’ नर्सनं ट्रे उचलला आणि ती पडद्याआड गेली.

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. बाबांचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. तो जड होता आणि त्याला काही कळत नव्हतं.

‘झालं ना पुरं, भाषण?’ बाबांनी विचारलं.

‘झालं, बाबा,’ मास्तर म्हणाले. ‘छान झालं.’

बाबांनी समाधानानं डोळे मिटले. त्यांच्यासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच आता मास्तरांच्या हातात राहिलं होतं.